खाणीजवळची झाडे शेंड्याकडून का वाळतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरवर कोळशाची उघडी खाण आहे, पाच वर्षांपूर्वी तिचा विस्तार झाला आणि गेल्या तीन वर्षांत बांधावरची व ओढ्याकाठची जुनी झाडे शेंड्याकडून वाळू लागली आहेत. पानांवर काळसर धूळ बसते. ही धूळच झाडे मारते आहे का, पाने धुतली तर ती वाचतील का, आणि खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर लावलेली झाडे हिरवीगार दिसत असताना आपलीच झाडे का मरतात, असे आपण विचारले आहे. ओढ्यातले दगड अलीकडे तांबूस दिसू लागले आहेत, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण मजकुरातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे, आणि त्याच्या खालोखाल महत्त्वाचा शब्द आहे ‘शेंड्याकडून’.

खाणींमुळे बिघडलेल्या जमिनीवर झाडोरा पुन्हा उभा करणे हे गेली २२ वर्षे माझे काम आहे. अशा तक्रारींच्या निमित्ताने मी ज्या जमिनी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख धुळीवर होता, कारण धूळ दिसते, हाताला लागते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मात्र चांगले रुजलेले, मोठे झाड ज्या कारणाने मरते ते बहुतेक वेळा जमिनीखाली असते. धूळ निरुपद्रवी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिचे नुकसान खरे आहे आणि त्याबद्दल खाणीकडे दाद मागणेही योग्यच आहे. पण झाड वाचवायचे असेल तर आधी मुळांकडे पाहावे लागते. चुकीच्या कारणामागे दोन-तीन वर्षे गेली, तर तेवढा अवधी झाडाकडे उरलेला नसतो.

जागेवर न येता मी निश्चित निदान करू शकत नाही. खाण आणि आपली जमीन यांच्यामध्ये कोणता खडक आहे, मध्ये चिकणमातीचा थर आहे की नाही, कोळशात आणि त्यावरच्या खडकात गंधक किती आहे, उन्हाळ्यात वारा कोणत्या बाजूने वाहतो आणि झाडे कोणत्या जातीची आहेत, यांवर उत्तर बदलते. एकाच खाणीच्या पूर्वेची झाडे तगली आणि पश्चिमेची संपली, असे मी पाहिले आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात प्रत्येक कारणाची खूण काय आणि ती आपण स्वतः कशी तपासावी, यावर भर देते.

धुळीपासूनच सुरुवात करते. उघड्या खाणीत सर्वाधिक धूळ बहुधा कोळसा खणताना उडत नाही. ती डंपर ज्या कच्च्या रस्त्यांवरून सतत ये-जा करतात त्या रस्त्यांवरून उडते. म्हणून पानांवर बसणाऱ्या थरात कोळशाबरोबर बारीक दगडाची आणि मातीची पूडही भरपूर असते. हा थर पानापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी करतो. काळा असल्यामुळे तो ऊन शोषून घेतो आणि पान अधिक तापते, तापलेल्या पानातून पाणी अधिक जाते. बऱ्याच वृक्षांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे वरचा थर ती थेट बुजवत नाही, पण अतिसूक्ष्म कण खालच्या बाजूलाही चिकटतात आणि रंध्रे नीट मिटू देत नाहीत. फुलोऱ्याच्या दिवसांत धूळ फुलाच्या कुक्षीवर बसली की परागकण नीट रुजत नाहीत आणि फळधारणा घटते. फळबागवाल्यांना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, ती म्हणजे धुळीच्या झाडांवर लाल कोळी वाढतो, कारण कोळ्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना धुळकट पानावर वावरणे जड जाते.

हे सगळे नुकसान झाडाला अशक्त करते. फळ कमी येते, वाढ खुंटते, पाने लहान राहतात. पण ज्या झाडांची पाने दरवर्षी गळतात ती पानांबरोबर धूळही टाकून देतात आणि नवी पालवी स्वच्छ निघते. सदाहरित झाडांची पाने अधिक काळ टिकतात म्हणून त्यांच्यावर थर साचत जातो. लव असलेली, खरबरीत पाने धूळ धरून ठेवतात. जाड, गुळगुळीत, मेणचट पानांवरून ती पावसात बरीचशी वाहून जाते. म्हणजे धुळीचा परिणाम झाडाच्या जातीप्रमाणे बदलायला हवा, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलायला हवा, आणि झाडावरही तो सर्वत्र सारखा नसावा. खालच्या आणि रस्त्याकडच्या फांद्यांना जास्त, शेंड्याला कमी, असे त्याचे स्वरूप असते. आपण जे वर्णन केले आहे ते नेमके याच्या उलट आहे.

ही तपासणी अगदी साधी आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने एकाच झाडाच्या चार बाजूंची आणि दोन उंचींवरची पाने पुसावीत, प्रत्येक वेळी फडक्याचा स्वच्छ भाग वापरावा आणि डाग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एका बागेत मी हे केले तेव्हा खाणीकडच्या बाजूचे डाग गडद काळे होते आणि विरुद्ध बाजूचे जेमतेम करडे, तरी वाळलेल्या फांद्या दोन्ही बाजूंना सारख्याच होत्या. धुळीने माखलेली लहान झाडे मात्र तिथे टवटवीत होती. ते फडके पाहिल्यावर बागमालकांनी स्वतःच विचारले की मग विहिरीचे पाणी उतरल्याचा याच्याशी संबंध असेल का. संबंध होता.

पाणी हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. उघडी खाण जशी खोल जाते तसे तिच्या भिंतींतून भूजल पाझरू लागते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते रात्रंदिवस उपसावे लागते. उपशामुळे खाणीभोवतीची भूजल पातळी उलट्या शंकूच्या आकारात खाली जाते. खाणीजवळ सर्वांत खोल, दूर जाताना हळूहळू मूळ पातळीवर. हा शंकू किती दूर पसरतो हे खडकावर अवलंबून असते. कठीण, बिनभेगांच्या खडकात तो थोडक्यात आटोपतो, तर वाळूच्या किंवा वाळूखडकाच्या थरांत कित्येक किलोमीटर जातो. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या परिसरातल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणी इतक्या मोठ्या आणि खोल आहेत (हाम्बाखची खाण ४०० मीटरहून खोल गेली) की तेथील उपशाचा परिणाम खाणीच्या हद्दीबाहेर दूरवर पोहोचतो. गार्झवायलर खाणीच्या बाबतीत तर दूरच्या पाणथळ जागा आणि तिथली वनस्पती जगावी म्हणून उपसलेले पाणी शुद्ध करून पुन्हा जमिनीत मुरवण्याची व्यवस्था करावी लागली. झाडे वाचवण्यासाठी पाणी परत जमिनीत घालावे लागते, हे तिथे खाण चालवणाऱ्यांनीच मान्य केलेले आहे, आणि आपल्या मागणीच्या दृष्टीने हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता झाडाच्या बाजूने पाहू. ओढ्याकाठचे किंवा सखल बांधावरचे जुने झाड वर्षानुवर्षे एका ठरावीक पातळीवरच्या ओलाव्यावर जगत आलेले असते. त्याची पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळे त्या ओलाव्याच्या थोड्या वर दाट जाळे करून असतात. पातळी सावकाश उतरली तर मुळे तिच्यामागे जाऊ शकतात, विशेषतः तरुण झाडाची. पण दोन-तीन उन्हाळ्यांत ती कित्येक मीटर उतरली, तर जुन्या झाडाला तो पल्ला गाठता येत नाही. उन्हाळ्यात खोडातल्या नलिकांमधल्या पाण्यावर ताण वाढतो, पाण्याचा अखंड धागा तुटून त्यांत हवा शिरते आणि त्या नलिका निकामी होतात. सर्वांत लांबचे आणि सर्वांत उंचावरचे टोक म्हणजे शेंडा, म्हणून पाणी आधी तिथे पोहोचेनासे होते. यालाच शेतकरी शेंडेमर म्हणतात. झाड आपला पसारा जेवढे पाणी मिळते तेवढ्यापुरता आवरून घेत असते.

हे लगेच दिसत नाही. खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर मोठे झाड दोन-तीन वर्षे तग धरते आणि मग एकाएकी कोसळल्यासारखे वाटते. त्याच सुमारास खोडकिडा सालीत शिरतो आणि लोक म्हणतात की झाड किडीने गेले. खाणीचा विस्तार पाच वर्षांपूर्वी आणि शेंडेमर तीन वर्षांपासून, हे आपण दिलेले अंतर मला म्हणूनच फार बोलके वाटते.

येथे एक अपवाद नोंदवते. काही ठिकाणी वरच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर असतो आणि पावसाचे पाणी त्यावर अडून राहते. झाडे त्या वरच्या ओलाव्यावर जगत असतील, तर खालचे भूजल कितीही उतरले तरी त्यांना फारसे जाणवत नाही. अशा जागी विहीर कोरडी पडलेली आणि तिच्याच काठावरचे झाड हिरवेगार, असे दृश्य दिसते. म्हणून केवळ विहिरीचे पाणी उतरले एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. वाळणाऱ्या झाडांची मालिका पाहावी: ओढ्याकाठची, सखल भागातली, पाण्याची सवय असलेली झाडे आधी आणि मुरमाड चढावरची काटक झाडे नंतर, किंवा अजिबात नाही, असा क्रम असेल तर पाणी हेच प्रमुख कारण आहे असे मी धरते. कोरड्या चढावरचे झाड मुळातच भूजलावर विसंबून नसते.

यावर उपाय काय, याचे प्रामाणिक उत्तर असे की उतरलेले भूजल एकट्या शेतकऱ्याला वर आणता येत नाही. जे करता येते ते झाडाच्या बाजूने. वाळलेल्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत छाटाव्यात, पण हिरव्या फांद्यांना हात लावू नये. बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या टोकाखालच्या घेरात, पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी भरपूर पाणी एकदम द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने मुळे वरच आळसावतात. उतारावर समपातळीत चर खणून पावसाचे पाणी मुरवावे. ज्या झाडाचा अर्ध्याहून अधिक पसारा वाळला आहे ते मी सहसा वाचवू शकलेले नाही. तिथली शक्ती शेजारच्या कमी बाधित झाडांवर लावावी, असे मी सांगते, आणि हे सांगताना दर वेळी वाईट वाटते.

आता तांबूस दगडांकडे येते. कोळशात आणि त्याच्या वरखालच्या खडकात पायराइट नावाचे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली हवेविना ते लाखो वर्षे स्वस्थ पडून असते. खणल्यावर हवा आणि पाणी मिळाले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते आणि लोह विरघळते. काही जिवाणू याच क्रियेतून ऊर्जा मिळवतात आणि पाणी आम्लधर्मी झाले की तिचा वेग अनेक पटींनी वाढवतात, त्यामुळे एकदा सुरू झालेली ही क्रिया स्वतःलाच पुढे ढकलत राहते. खाण बंद झाली, माणसे निघून गेली, तरी पाण्याचा पाझर दशकानुदशके आम्लधर्मी राहू शकतो. असे पाणी ओढ्याच्या चांगल्या पाण्यात मिसळले की त्याचा सामू (आम्लता दाखवणारा pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) वर येतो आणि विरघळलेले लोह गंजासारखे दगडांवर बसते. आपण पाहिलेला तांबूस थर तो असू शकतो.

‘असू शकतो’ असे जपून म्हणते, कारण लोहयुक्त जमिनीतून पाझरणाऱ्या साध्या पाण्यातही असा थर येतो. अशा जागी पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंगही दिसतो. काडीने तो ढवळला आणि काचेसारखे तुकडे होऊन वेगळा झाला, तर तो लोहजिवाणूंचा आहे. पुन्हा एकत्र आला, तर तेल आहे. आम्लाचा निर्णय मात्र सामूच करतो. सामू तपासण्याच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला, तांबूस भागात आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजणी करावी. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एकदा मोजावे, कारण ढिगाऱ्यात वर्षभर साचलेले आम्ल आणि क्षार पहिल्या पाण्याबरोबर धुऊन येतात. पाणी एकदम नितळ, निळसर आणि निर्जीव दिसत असेल तर समाधान मानू नये. अतिआम्ल पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम गाळ खाली बसवते, म्हणून ते पाणी स्वच्छ भासते.

वनस्पतीला आम्लापेक्षा या ॲल्युमिनियमचा त्रास जास्त होतो. मातीचा सामू साधारण ५ च्या खाली गेला की मातीतलेच ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांच्या टोकांची वाढ थांबवते. सोबत मँगनीजही विषारी पातळीवर जाऊ शकते आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जाऊन पिकाला मिळेनासा होतो. अशा जमिनीत झाडाजवळ हातभर खोल खणले तर मुळे लगेच ओळखू येतात. निरोगी बारीक मूळ पांढरे, लवचीक आणि पुन्हा पुन्हा फाटे फुटलेले असते. ॲल्युमिनियमने बाधलेले मूळ आखूड, जाडसर, तपकिरी आणि ठिसूळ असते, टोके बोथट होऊन गेलेली असतात आणि बारीक फाटे जवळपास नसतातच. अशी मुळे ओल्या मातीतही पाणी नीट घेऊ शकत नाहीत, म्हणून वरून पाहणाऱ्याला हे झाड पाण्याविना वाळते आहे असेच वाटते. दुष्काळाने मेलेले मूळ मात्र पातळ, सुरकुतलेले असते आणि त्याची साल बोटांनी सहज सुटून येते. या दोन मुळांतला फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणत्याही जागेवर मत देत नाही.

सर्वच कोळसा असा आम्लकारक नसतो, हे येथे सांगायलाच हवे. समुद्राच्या पाण्याचा संपर्क आलेल्या दलदलीत बनलेल्या कोळशात पायराइट अधिक असते. भारतातला गोंडवाना काळातला कोळसा बहुधा कमी गंधकाचा, १ टक्क्याच्या आतबाहेरचा असतो, तर मेघालयातल्या कोळशात गंधक कित्येक पटींनी अधिक आहे आणि तिथल्या नद्यांचे आम्लीकरण हे २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिथल्या बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. शिवाय खडकात चुनखडी भरपूर असेल तर तयार होणारे आम्ल जागीच शमते. म्हणूनच या क्षेत्रात आम्ल किती आणि ते शमवणारा चुना किती, असा हिशोब मांडतात. १००० टन खडकात पायराइटमधले गंधक १ टक्का असेल, तर त्यातून होणारे आम्ल शमवायला ३१.२५ टन चुनखडी लागते. हा आकडा मुद्दाम देते, कारण ‘थोडा चुना टाकला आहे’ असे उत्तर खाणीकडून मिळाले तर किती आणि कशाच्या आधारावर, असे आपण विचारू शकता. काही ठिकाणचा खडक याउलट अल्कधर्मी आणि सोडियमयुक्त असतो. तिथे चुना घालणे निरर्थक, आणि अडचण माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होण्याची असते.

आपल्या शेताच्या मातीत आम्लता आढळली तर चुनखडीची पूड माती तपासणीच्या अहवालाप्रमाणे द्यावी, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चुना मातीत फार सावकाश खाली उतरतो, त्यामुळे खोल मुळांना त्याचा लाभ वर्षानुवर्षे होत नाही. आणि ओढ्याचे पाणीच आम्लधर्मी असेल तर ते शेतात घेणे आधी थांबवावे; नाहीतर एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असे होते. ओढ्यात चुनखडीचे दगड टाकून ठेवण्याचा प्रयोग लोक करतात, पण त्या दगडांवर लोहाचा लेप बसला की ते निकामी होतात.

जमीन खचणे आणि आग ही दोन कारणे आपल्याकडे नसावीत, म्हणून त्यांवर थोडक्यात लिहिते. भूमिगत खाणीवरची जमीन खचते तेव्हा खळग्याच्या कडांना भेगा पडून मुळे तुटतात आणि ओलावा निघून जातो, तर मधोमध पाणी साचून मुळे गुदमरतात. चीनच्या उत्तर भागातल्या मैदानात भूजल वरच असल्याने अशी शेते तळ्यांखाली गेली आहेत. कोळशाची आग मुळांना भाजते आणि मातीतला ऑक्सिजन हिरावून घेते; झारखंडमधल्या झरियात ती १९१६ पासून आणि अमेरिकेतल्या सेंट्रेलियात १९६२ पासून धुमसते आहे. ढिगारा जळत असेल तर गंधकाच्या धुराने झाडांच्या सालींवरची शैवाके (दगडफुलासारखी वाढ) आधी नाहीशी होतात. आपल्या झाडांच्या बुंध्यावर करडी-हिरवी शैवाके अजून असतील, तर तो एक दिलासा समजावा.

शेवटी ढिगाऱ्यावरच्या हिरवाईबद्दल, कारण आपल्या प्रश्नात त्यामागची वेदना मला जाणवली. ढिगाऱ्यावरची झाडे आणि आपली झाडे यांची तुलनाच होऊ शकत नाही. ती झाडे त्या कोरड्या दगडमातीतच लहानाची मोठी झाली. भूजल त्यांना कधीच ठाऊक नव्हते. शिवाय ती बहुधा दोन-चार काटक, झटपट वाढणाऱ्या आणि हवेतले नत्र धरणाऱ्या जातींची असतात. पहिल्या टप्प्यात त्यांची गरज असते, याबद्दल माझा वाद नाही. ढिगाऱ्याच्या काळ्या पृष्ठभागाचे तापमान उन्हाळ्यात ५० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कोवळी रोपे जमिनीलगत भाजून मरतात, त्यामुळे आधी कोणीतरी सावली धरावी लागते. स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या झाडोऱ्यासाठी मातीत हेक्टरी सुमारे १००० किलो नत्राचा साठा लागतो, असे ढोबळमानाने धरले जाते. नव्या ढिगाऱ्यात झाडाला मिळू शकेल असे नत्र जवळजवळ नसते, आणि ते दरवर्षीच्या पानगळीतून व मुळांवरच्या गाठींतून साठत साठत यायला हवे.

तपासणीचे अहवाल वाचताना येथे एक सापळा असतो. मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत कोळशाचे बारीक कणही काही प्रमाणात कर्ब म्हणून मोजले जातात. त्यामुळे ढिगाऱ्याच्या मातीत ‘सेंद्रिय कर्ब भरपूर’ असा निष्कर्ष येतो, पण तो कर्ब गांडुळाच्याही उपयोगाचा नाही आणि मुळांच्याही. आपल्या शेतात कोळशाची धूळ मिसळली असेल तर आपला अहवालही असाच फसवा येऊ शकतो.

ढिगाऱ्यावरच्या रोपांचा खरा शत्रू मात्र मी माझ्या कामात वारंवार पाहिला तो म्हणजे दाबलेली माती. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने खाणीची जमीन पूर्ववत करणे बंधनकारक झाले, आणि घसरण होऊ नये म्हणून यंत्रांनी ती चोपून सपाट करण्याची पद्धत पडली. परिणाम असा झाला की गवत आले, पण जंगलातली झाडे मुळे रुजवू शकली नाहीत. अ‍ॅपलाचिया भागात २००४ पासून याच्या उलट पद्धतीचा पुरस्कार सुरू झाला: वरची सुमारे ४ फूट माती सैल टाकायची, तिच्यावरून यंत्रे कमीत कमी फिरवायची आणि मग स्थानिक वृक्ष लावायचे. मी स्वतः एका ढिगाऱ्यावर ११ वर्षांचे, पुरुषभर उंचीचे झाड उपटून पाहिले आहे. मूळ १५ सेंटिमीटर खाली गेले होते, तिथे ते काटकोनात वळले होते आणि बशीसारखे आडवे पसरले होते. वरून ते झाड पूर्णपणे निरोगी दिसत होते.

वरच्या मातीचीही तीच कथा आहे. खणण्यापूर्वी सुपीक माती वेगळी काढून ठेवायचा नियम बऱ्याच देशांत आहे, पण ती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली तर आतल्या भागात हवा पोहोचत नाही आणि तिच्यातले बी, गांडुळे व मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशी मरत जातात. पुन्हा पसरली जाते तेव्हा ती रंगाने माती असते, पण निम्मे जीवन गमावलेली. मग ज्यांना कोणाचीच साथ लागत नाही अशी घाणेरी आणि गाजरगवत तिथे आधी येतात, आणि खाणीच्या रस्त्याकडेने आपल्या बांधापर्यंतही पोहोचतात. बांधावर ती दिसू लागली असतील तर फुलण्यापूर्वी उपटावीत.

आता आपण काय करावे, हे क्रमाने सांगते. सर्वप्रथम प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक देऊन त्याचा फोटो काढावा, नेहमी त्याच जागेवरून, दर तीन महिन्यांनी, आणि शेंडा किती वाळला हे अंदाजे टक्क्यांत लिहावे. विहिरीतल्या पाण्याची खोली दोरीने मोजून तारखेसह वहीत टिपावी. शेजाऱ्यांच्या दोन विहिरींचीही टिपली तर उत्तम, कारण एका विहिरीची नोंद सहज फेटाळली जाते आणि तिन्हींची तशी जात नाही. विस्तारापूर्वीची काही नोंद कोणाकडे असेल, अगदी जुन्या फोटोंच्या पार्श्वभूमीत दिसणारी झाडेसुद्धा, तर ती जपावी. खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी तयार झालेल्या अहवालात त्या वेळची भूजल पातळी आणि वनस्पतींची यादी बहुधा असते. ती मागून घ्यावी आणि आपल्या वहीशी ताडून पाहावी. धुळीसाठी रस्त्यांवर नियमित पाणी मारण्याची आणि मध्ये दाट झाडपट्टा लावण्याची मागणी करावी. पाने धुणे फळझाडांवर फुलोऱ्याआधी उपयोगी पडते, पण उपसा चालू असताना शंभर मोठी झाडे धुण्यात पाणी घालवण्यापेक्षा तेच पाणी मुळांना द्यावे.

आणि या आठवड्यात दोन खड्डे खणावेत. एक वाळणाऱ्या झाडापाशी, फांद्यांच्या टोकाखाली. दुसरा त्याच जातीच्या, अजून चांगल्या असलेल्या झाडापाशी. हातभर खोल, मोठी मुळे न तोडता. दोन्हीकडची बारीक मुळे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून दिवसाउजेडी फोटो घ्यावा, तिथल्याच मातीचा थोड्या पाण्यात कालवून सामू पाहावा आणि ओढ्याच्या तिन्ही जागांचे आकडे सोबत लिहावेत. ते येथे कळवलेत तर पाणी की आम्ल, की दोन्ही, हे मी आजच्यापेक्षा खूप अधिक खात्रीने सांगू शकेन.